क्लेम : निल

मी ॲक्चुअरी होणार म्हणजे काय करणार, हे घरी सांगणं सुरुवातीला फार सोपं होतं. ‘माणसं किती जगतील याचा हिशेब’ एवढं म्हटलं की इचलकरंजीतले सगळे नातेवाईक समाधानाने मान हलवत आणि लगेच आजीच्या तब्येतीचा विषय काढत. माझीही समजूत त्याहून फार वेगळी नव्हती. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकताना एडमंड हॅलीबद्दल वाचलं होतं. धूमकेतूवाल्या या हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला आणि कोणत्या वयाच्या माणसाला वर्षासन कितीला विकावं हे दाखवून दिलं. विषय स्वच्छ वाटला. माणसं हजारो, मरण प्रत्येकाला एकदाच आणि नक्की. प्रश्न फक्त ‘कधी’ एवढाच.

नोकरी लागली ती मुंबईत, जनरल इन्शुरन्स कंपनीत, आणि त्यातही कमर्शियल प्रायसिंगच्या टीममध्ये. इथे विमा सूतगिरणीचा, गोदामाचा, रसायनांच्या कारखान्याचा. यातले बहुतेक कधीच जळत नाहीत. जळतात तेव्हा एखादा पार भुईसपाट होतो, एखाद्याची फक्त भिंत काळी होते. हॅली इथे काही कामाला येईना.

पहिली फाइल आली ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीची. ब्रोकरने पाठवलेल्या कोट स्लिपवर सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, ८० कोटी रुपये, कापूस, यंत्रं, इमारत असे वेगवेगळे आकडे, आणि खाली एक ओळ : मागील पाच वर्षांतले क्लेम, निल. आमच्या टीमच्या मॅडम म्हणाल्या, “याचा टेक्निकल प्रीमियम काढ,” म्हणजे जोखमीच्या हिशेबाने यायला हवा तो. परीक्षेच्या पुस्तकात बर्निंग कॉस्टची पद्धत शिकले होते. मागचे क्लेम घ्यायचे, महागाई धरून आजच्या किमतीला आणायचे, सम इन्शुअर्डने भागायचे. पुस्तकातल्या उदाहरणात क्लेम असतात, तेही छान वाढत्या क्रमाने. इथे वर शून्य होतं. शून्याला ८० कोटींनी भागा नाहीतर पाच वर्षांनी, उत्तर बदलत नाही. गिरणीला विमा फुकट द्यायचा काय?

मॅडमनी उत्तर दिलं नाही, एक जुना कागद दिला. अमेरिकेत कामगारांच्या नुकसानभरपाईचे दर ठरवताना हाच गुंता झाला होता आणि १९१४ मध्ये आल्बर्ट मोब्रे या माणसाने प्रश्न सरळ विचारला होता : दर भरवशाचा मानायला मागचा अनुभव किती मोठा लागतो? त्यातून जे गणित उभं राहिलं त्याला क्रेडिबिलिटी म्हणतात. क्लेमची संख्या खऱ्या सरासरीच्या ५ टक्के अलीकडे-पलीकडे असण्याची खात्री ९० टक्के हवी असेल, तर साधारण १०८२ क्लेम लागतात. त्याहून कमी असले की अपेक्षित क्लेमना १०८२ ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. तेवढाच विश्वास त्या अनुभवावर. समजा अशा गिरणीत दहा वर्षांतून एकदा नोंद घेण्याजोगी आग लागते. मग पाच वर्षांत अपेक्षित क्लेम अर्धा. वर्गमूळ काढल्यावर हातात येतात जेमतेम दोन टक्के. मी गंमत म्हणून उलटं गणित केलं. गिरणीच्या स्वतःच्या अनुभवावर पूर्ण विश्वास ठेवायचा, तर ती काहीही बदल न करता १०,८२० वर्षं चालली पाहिजे.

आता त्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पाच वर्षं रात्रपाळीला वॉचमन ठेवला, बिडी ओढणाऱ्याला कामावरून काढलं, कापसाची धूळ रोज झाडून घेतली, आणि विमा कंपनी म्हणते तुझ्या पाच वर्षांना आम्ही दोन टक्के मानतो. उरलेले ९८ टक्के कुणाचे? देशभरातल्या बाकी सगळ्या गिरण्यांचे. ज्यांच्या जळाल्या त्यांचे. त्यासाठी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे सगळ्या कंपन्यांची आकडेवारी जमा होते. प्रत्येक धंद्याचा ऑक्युपन्सी म्हणून एक गट असतो आणि त्या गटाचा आगींचा इतिहास असतो. गणित बरोबर आहे हे मला मान्य होतं. न्याय्य आहे का, हे मी मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी एक्सेल पूर्ण कर.”

आमच्या मजल्यावर एक ज्येष्ठ अंडररायटर, म्हणजे कुठली जोखीम कितीला घ्यायची ते ठरवणारे, सर आहेत. त्यांना एक्सेलची गरज लागत नाही. त्यांची उमेदीची वर्षं टॅरिफच्या काळात गेली. तेव्हा टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी दर ठरवून द्यायची आणि सगळ्या कंपन्यांचा दर एकच असायचा, रेल्वेच्या तिकिटासारखा. पुस्तकात धंदा शोधायचा, समोरचा आकडा उचलायचा, भूकंपाचा अधिभार लावायचा, आग विझवायची यंत्रणा असली तर ठरलेली सूट द्यायची. सरांना ती पानं अजून पाठ आहेत. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचे दर मोकळे झाले आणि बाजारात सवलतींची जी शर्यत लागली ती ते अजून वैतागून सांगतात. जुन्या दरावर ८०-९० टक्क्यांपर्यंत सूट देऊन धंदा उचलला जाई. शेवटी लगाम आला तो रीइन्शुररकडून, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्याकडून. जीआयसी री ही आपल्याकडची मोठी सरकारी पुनर्विमा कंपनी. तिने २०१९ मध्ये आठ प्रकारच्या धंद्यांसाठी सांगितलं की ब्युरोच्या किमान दराखाली विकलेल्या पॉलिसीला आमच्या करारात जागा नाही. २०२० पासून हीच अट २९१ धंद्यांना लागली.

“म्हणजे दर तुझ्या मॉडेलने वाढले नाहीत,” सर म्हणाले, “पाठीमागचा आधार काढून घेतो म्हटल्यावर वाढले.” हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही.

सूतगिरणीचा माझा आकडा आला २२ लाख. एक्स्पायरिंग प्रीमियम, म्हणजे गेल्या वर्षी प्रत्यक्ष घेतलेला, १४ लाख. ब्रोकरचं टार्गेट १३. या तीन आकड्यांची एकमेकांशी ओळख कशी करून द्यायची हे मला कुठल्याच पेपरात शिकवलं नव्हतं. मीटिंगमध्ये मी २२ कसे आले ते सांगायला लागले : आगीचा भाग एवढा, पूर-वादळाचा एवढा, भूकंपाचा एवढा, खर्च, रीइन्शुरन्स, भांडवलावरचा परतावा. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. मग सरांनी विचारलं, “सोडायचा आकडा किती?” सोडायचा म्हणजे ज्याच्या खाली गेलं की हा धंदा दुसऱ्या कंपनीला जाऊ द्यायचा. खरा प्रश्न तो होता. माझा २२ हा सौदा जिथे सुरू होतो तिथला आकडाही नव्हता. सौदा संपल्यावर नफ्यातोट्याच्या हिशेबात ‘टेक्निकलच्या अमुक टक्के’ असं लिहिण्यासाठी तो लागतो. पुढे समजलं की तेही कमी महत्त्वाचं नाही. वर्षभरातल्या शेकडो पॉलिसी टेक्निकलच्या ६० टक्क्यांवर जाताहेत हे कुणीतरी लिहून ठेवलं नाही, तर पहिल्या मोठ्या आगीपर्यंत सगळेच खूश राहतात.

ग्रुप मेडिक्लेमच्या फाइली मात्र मला माहेरच्या वाटल्या. कंपन्यांनी आपल्या नोकरदारांसाठी घेतलेला आरोग्य विमा. इथे माणसं आहेत, क्लेम पुष्कळ, मोतीबिंदू, प्रसूती, डेंग्यू सगळं दरवर्षी येतं. तीन हजार माणसांच्या गटाचा अनुभव खरोखर काहीतरी सांगतो. तरी तिथेही वाचायला शिकावं लागतं. ब्रोकरच्या तक्त्यात लिहिलेलं असतं : प्रीमियम २ कोटी, क्लेम १ कोटी ४० लाख, रेशो ७० टक्के, सबब प्रीमियम कमी करा. तक्त्याची तारीख ३० नोव्हेंबर. पॉलिसी १ एप्रिलची. आठच महिने झालेत, म्हणजे दोन कोटींपैकी आपल्या कमाईचे फक्त १ कोटी ३३ लाख. रेशो ७० नव्हे, १०५. शिवाय नोव्हेंबरात ॲडमिट झालेल्यांची बिलं अजून यायची आहेत. त्या न आलेल्या क्लेमना आयबीएनआर म्हणतात. आमच्या धंद्यात जे अजून कुणी कळवलेलंच नाही, त्याचीही रक्कम लिहावी लागते. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या रकान्याकडे बघत बसले होते.

आग आणि आरोग्य एकाच कंपनीत राहतात याची आणखी एक बाजू आहे. मेडिक्लेममध्ये तोटा होतोय हे माहीत असूनही काही वेळा तो स्वस्तात दिला जातो, कारण त्याच ग्राहकाचा कारखान्याचा विमा हवा असतो. मग माझ्या दोन वेगवेगळ्या, नीटनेटक्या मॉडेलांचं काय करायचं? मला यावर अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. ‘रिलेशनशिप’ हा शब्द मात्र रोज ऐकू येतो.

सगळ्यात जास्त शिकले ते भिवंडीला. रिस्क इंजिनिअर गोदामांच्या तपासणीला निघाले होते, त्यांच्याबरोबर मला पाठवलं. तोवर गोदाम म्हणजे माझ्यासाठी एका ओळीतले सात रकाने होते. बांधकाम, धंदा, अग्निसुरक्षा आहे/नाही, वगैरे. प्रत्यक्षात एका मोठ्या शेडला पत्र्याच्या भिंतींनी चार गाळ्यांत तोडलं होतं आणि विमा त्यातल्या एकाच गाळ्याचा होता. आमच्या गाळ्यात कपड्यांचे खोके. भिंतीपलीकडे काय? मॅनेजर म्हणाला, “पलीकडे दुसरी पार्टी आहे, साहेब.” इंजिनिअर बाहेरून फिरून पलीकडे गेले आणि दारातल्या कामगाराशी दोन मिनिटं गप्पा मारून आले. पलीकडे परफ्यूम आणि डिओडरंटचे डबे होते.

मग ते वर बघत चालू लागले. खोक्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेल्या होत्या आणि स्प्रिंकलरची तोंडं जवळजवळ खोक्यांना टेकली होती. त्याखाली साधारण अर्धा मीटर जागा मोकळी पाहिजे, नाहीतर पाणी पसरतच नाही. होज बॉक्स उघडला, आत होज होता, त्याच्याबरोबर झाडू आणि कुणाचा तरी डबाही होता. शेवटी पंपघर. तिथे तीन पंप असतात : दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप, विजेवरचा मुख्य पंप, आणि वीज गेली तर डिझेलचा. आगीत वीज बहुधा आधी जाते, त्यामुळे खरा भरवसा तिसऱ्यावर. इंजिनिअर म्हणाले, “चालू करून दाखवा.” किल्ली शोधायला माणूस गेला. किल्ली आली. बॅटरी उतरलेली होती. दुसऱ्या बॅटरीची जोडणी करून, बऱ्याच खटपटीनंतर, पंप एकदाचा सुरू झाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू आता मी पैकीच्या पैकी गुण देणार.

ऑफिसला परत येऊन फाइल उघडली. स्प्रिंकलर : आहे. हायड्रंट : आहे. डिझेल पंप : आहे. मागील क्लेम : निल. मॉडेलने सूट दिली. त्याच्या दृष्टीने काही चुकीचं नव्हतं. डिओडरंटला रकाना नाही, किल्ली शोधायला गेलेल्या माणसाला नाही. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या की म्हणूनच अंडररायटरला वर-खाली करायची मुभा असते, आणि तू जे पाहिलंस ते त्याच्या कारणाच्या चौकटीत लिही. मी लिहिलं. दोनशे अक्षरांची मर्यादा होती.

पुराच्या मॉडेलने तर वेगळाच गोंधळ दाखवला. महाडच्या एका रसायन कारखान्याची फाइल आली, सम इन्शुअर्ड सव्वाशे कोटी. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडमध्ये कसं शिरलं ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा नदीच्या पुराचा आकडा दणदणीत येणार अशी माझी अपेक्षा. आला जवळजवळ शून्य. बघते तर कारखान्याच्या जागी नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि पिनकोड : नरिमन पॉइंट. मॉडेलने सव्वाशे कोटींची रसायनं समुद्रकाठच्या एका मजल्यावर नेऊन ठेवली होती. असे पत्ते सर्रास येतात. तेव्हापासून कुठलीही फाइल आली की मी आधी उपग्रहाच्या नकाशावर कारखान्याचं छप्पर शोधते, मग बाकीचं.

याच मॉडेलांची ‘शंभर वर्षांतून एकदा’ ही भाषा मला फार दिवस छळत होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तसलं काही पुन्हा शंभर वर्षांनीच येणार असा त्याचा अर्थ लोक घेतात. अर्थ एवढाच की दरवर्षी शक्यता एक टक्का. तीस वर्षांचं कर्ज घेऊन बांधलेल्या शेडला त्या तीस वर्षांत एकदा तरी गाठण्याची शक्यता २६ टक्के. आणि तो एक टक्का स्वतःच जुन्या पावसावरून काढलेला. पाऊस बदलत असेल तर तोही बदलतो.

मार्चमध्ये हे सगळं एकदम अंगावर येतं, कारण मोठ्या कंपन्यांच्या पॉलिसी १ एप्रिलला रिन्यू होतात आणि रीइन्शुरन्सचे करारही त्याच दिवशी. ३१ तारखेला रात्री लोक फोनवर एकच विचारत असतात : पैसे आले का? विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम आधी हातात आल्याशिवाय जोखीम घ्यायची नाही. मी काढलेल्या आकड्यांपैकी कुठला टिकला, कुठला अर्ध्यावर आला, हे बघायला तेव्हा कुणाला सवड नसते, मलाही नाही.

आणि बरोबर कोण होतं, हे तसंही कळत नाही. मी २२ म्हटलं, कंपनीने १३ ला विकलं, गिरणी वर्षभर जळली नाही. ब्रोकर म्हणणार, बघा. पण दहातली नऊ वर्षं ती जळणारच नव्हती. जळली असती तरी मी बरोबर ठरले नसते. त्यात माझा २२ लाखही कुठल्या कुठे वाहून गेला असता. एका कारखान्यापुरतं बोलायचं तर कुणीच कधी खोटं पडत नाही. हजार कारखाने आणि दहा-पंधरा वर्षं एकत्र धरली तरच काही दिसतं, आणि तोवर त्या खुर्च्यांवर दुसरी माणसं असतात. संख्याशास्त्र शिकलेल्या मुलीला यात नवीन काही नाही. तरी महिन्याच्या पगारावर हेच काम करताना ते वेगळं लागतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मामांनी त्यांच्या पॉवरलूमच्या शेडची पॉलिसी पुढ्यात टाकली. पाच कोटींपर्यंतच्या लहान उद्योगांसाठी २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची ठरीव पॉलिसी आहे, ती. “एवढी वर्षं भरतोय. एक रुपया मागितला नाही. मग माझं तुमच्याकडं जमा काय हाय?” मी क्रेडिबिलिटी समजावली. दोन टक्क्यांचं ऐकून ते म्हणाले, “म्हणजे तुमच्या लेखी मी अजून नवाच की गं.”

क्लेम निल होता, पण २०१९ ला पंचगंगेचं पाणी शेडच्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं. असं अर्ध्या फुटाने चुकलेलं संकट कुठल्याच तक्त्यात येत नाही. त्याहून मोठी गोष्ट मला सम इन्शुअर्डच्या रकान्यात दिसली. आकडा ६० लाख. कुठून आला? बँकेने कर्जाच्या रकमेइतका विमा उतरवून हप्ता परस्पर खात्यातून कापला होता. माग, शेड, सूत मिळून माल एक कोटीच्या घरातला. मामांना वाटत होतं, नुकसान ६० लाखांपर्यंत झालं तर सगळं मिळेल. तसं नसतं. कमी रकमेचा विमा असला की भरपाईही त्याच प्रमाणात कापतात. २० लाखांचं नुकसान झालं तर हातात १२ लाख. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, पण इथे तूट ४० टक्क्यांची. हप्ता किती वाढेल ते मी तिथेच तोंडी सांगितलं : दर तोच धरला तर आता भरता त्याच्या दोनतृतीयांश आणखी.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मागाच्या मोटारी आणि स्टार्टर दोन फूट वर घ्यायचं ते कधीपासून घोळतंय, यंदा ते करूनच टाकतो. “हे तुझ्या फॉर्मात कुठं लिहायचं?” मी फॉर्म चाळला. बांधकाम पक्कं आहे का, अग्निशामक आहेत का, मागील क्लेम काय, सगळं होतं. मोटारी किती उंचीवर आहेत याला जागा नव्हती. शेवटी कोऱ्या कागदावर लिहिलं, त्यांची सही घेतली, आणि नव्या सम इन्शुअर्डच्या अर्जाबरोबर बँकेत द्यायला त्यांच्या पिशवीत ठेवून दिलं. कंपनी माझी नव्हती, त्यामुळे त्या कागदाचं पुढे काय होईल यावर माझं काही चालणार नव्हतं. मामांनी तो परत काढला, उंची दोन फुटांची अडीच केली आणि म्हणाले, “२०२१ ला पाणी पुन्हा आलं होतं की.”